माळ्यावरची ठेव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, दशलक्षण पर्वातील उत्तम आकिंचन्य धर्माच्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की समित्या नेमल्या जातात, पावतीपुस्तके छापली जातात आणि मग कोणीतरी म्हणते, ‘‘स्मरणिकेसाठी जुने फोटो हवेत.’’ त्या एका वाक्याने वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे उघडतात. कुलुपाची किल्ली सापडत नाही, ती सापडली तर फिरत नाही, आणि दार उघडल्यावर समोर येतो तो कागदांचा, कापडांचा आणि धुळीचा एक ढीग. त्या ढिगाला काही जण अडगळ म्हणतात, काही जण ठेव म्हणतात. वस्तू त्याच असतात. पाहणाऱ्याला त्यांच्यामागची माणसे ठाऊक आहेत की नाहीत, एवढाच फरक असतो.

आजचा दिवस उत्तम आकिंचन्याचा आहे. ‘माझे असे काही नाही’ हा भाव म्हणजे आकिंचन्य. दिगंबर मुनींजवळ पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र याखेरीज काही नसते. ही तीनही उपकरणे अनुक्रमे जीवदया, शुद्धी आणि ज्ञान यांसाठी असतात, स्वामित्वासाठी नसतात. श्रावकाला इतके साधत नाही, म्हणून त्याच्यासाठी परिग्रहपरिमाण व्रत सांगितले. शेतजमीन, घर, सोने-चांदी, धनधान्य यांच्याबरोबरच शास्त्रकारांनी ‘कुप्य’ हाही एक प्रकार सांगितला आहे. कुप्य म्हणजे वस्त्रे, भांडीकुंडी, घरातील किरकोळ सामान. सोन्याची मर्यादा माणूस एक वेळ सहज पाळतो, कारण सोने मुळात थोडेच असते. कुप्याची मर्यादा मात्र नकळत मोडते. रिकामे डबे, उरलेले दोरे, न चालणारी घड्याळे, तीन पिढ्यांच्या चादरी यांची मोजदाद कोण करतो? तरीही शास्त्रकारांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत सांगितले नाही. ते मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत सांगितले. त्यामुळे माळा रिकामा केल्याने माणूस आपोआप अपरिग्रही होत नाही, आणि एखादी जुनी पेटी जपल्याने तो आपोआप परिग्रही ठरत नाही.

अलीकडे घर आवरण्याचेही शास्त्र झाले आहे. जपानी लेखिका मारी कोंडो यांचे या विषयावरील पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. वस्तू हातात घ्यावी, ती आनंद देते का हे मनाला विचारावे आणि देत नसेल तर तिला निरोप द्यावा, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. पद्धत उपयोगी आहे. परंतु श्रावकाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो आनंदाच्या प्रश्नाच्या आधी येतो. ही वस्तू कोणाची आहे? या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून एक घर दृष्टान्तासाठी घेऊ. या घराला नाव देण्याची आवश्यकता नाही. सांगली परिसरातील अनेक घरे एकत्र करून ते उभे केलेले आहे, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याची एखादी तरी खोली ओळखीची वाटेल.

कृष्णाकाठच्या जुन्या पेठेतील हे घर. खाली दुकान, मागे सोपा, वर माळा. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा नातू. घर पाडून तेथे सदनिकांची इमारत उभी राहायची आहे, म्हणून माळा रिकामा करायचा आहे. वास्तविक अर्धे घर कृष्णामाईने आधीच रिकामे केले होते. २००५ च्या महापुरात दुकानातील माल गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा सोप्यातील लाकडी कपाट, त्यातील लग्नाचे अल्बम आणि जमिनीचे कागद यांचा चिखल झाला. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. जे खाली होते ते गेले, जे माळ्यावर होते ते राहिले. उपयोगाच्या वस्तू हाताशी असतात म्हणून बुडतात आणि निरुपयोगी ठरवून वर टाकलेल्या वस्तू वाचतात, हा पुराचा मोठा विचित्र न्याय आहे.

नातू शिडीवर चढला आणि वरून एकेक वस्तू खाली देऊ लागला. सून झटकत होती. आजी पाटावर बसून मऊ कुंचल्याने प्रत्येक वस्तू आधी पुंजून घेत होत्या, कारण जुन्या कागदात कसर असते, आणि ती मारायची नाही, बाजूला करायची असते.

प्रथम लोखंडी मापांचा एक संच आला. एकात एक बसणारी भांडी. ‘‘आजी, हे कप कशाचे गं?’’ नातवाने विचारले. आजींनी एकेक भांडे हातात घेऊन नावे सांगितली. कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. नातू हसून म्हणाला, ‘‘म्हणजे सगळं दुपटीनंच की!’’ जे गणित तो संगणकावर शिकला, ते त्याच्या पणजोबांच्या दुकानात धान्याने शिकवले जात होते. भारतात दशमान वजनमापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि जुनी मापे व्यवहारातून गेली. त्यापूर्वी, १ एप्रिल १९५७ रोजी, नवे पैसे आले. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. मापांच्या तळाशी भोकाचे चार तांब्याचे पैसे सापडले. नातवाने ते करंगळीत घालून पाहिले. आजींनी सांगितले की लहानपणी त्याही हेच करीत.

नंतर आले पाणी गाळण्याचे एक जाड, दुहेरी शिवलेले फडके आणि खाली कडी असलेली एक छोटी कळशी. सुनेलाही या कळशीचा उपयोग ठाऊक नव्हता. पूर्वी विहिरीचे पाणी शेंदल्यावर ते फडक्यातून गाळले जाई. गाळून फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्या पाण्याने हलकेच या कळशीत उतरवले जात आणि कळशी पुन्हा त्याच विहिरीत सोडून, दोरीला झटका देऊन, पाण्याशी टेकल्यावर उपडी केली जाई. ही जिवाणी. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात, आणि तेही उंचावरून आपटू न देता. आज त्याच घरात ओट्यावर पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे. ते उत्तम काम करते, आजार टाळते, मात्र गाळताना बरेचसे पाणी नळीवाटे मोरीत सोडून देते. फडक्याने पाणी गाळले जाई ते पाण्यातील जीवांच्या काळजीने. यंत्राने गाळले जाते ते पिणाऱ्याच्या काळजीने. दोन्ही काळज्या योग्यच आहेत. पहिली काळजी सुटू नये म्हणून निदान ते मोरीत जाणारे पाणी बादलीत धरून झाडांना घालता येते. आजींनी हे सुचवले आणि सुनेने त्याच संध्याकाळी नळीखाली बादली ठेवली.

मग तारेत टोचलेल्या पत्रांचा एक जुडगा निघाला. जुन्या दुकानांतून अशी वाकवलेली तार भिंतीला टांगलेली असे आणि आलेले पत्र वाचून तिच्यात टोचले जाई. भारतात पोस्टकार्ड आले ते १८७९ साली, पाव आण्याला. त्या जुडग्यात व्यापाराची पत्रे होती, हळदीचे भाव होते, मुलीच्या खुशालीची पत्रे होती. कोपरा फाडलेले एकही कार्ड नव्हते, कारण मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, असा रिवाज होता. एक तार मात्र होती. तारवाला दारात दिसला की घरातील बायका आधी रडू लागत आणि मग तार वाचली जाई. ही तार मात्र नातू झाल्याची होती! देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि आज त्या गुलाबी कागदाचे भय कोणाला सांगूनही कळत नाही.

जुडग्यातील निम्म्याहून अधिक कार्डे क्षमावाणीची होती. दरवर्षी पर्व संपले की आजोबा बसून कार्डे लिहीत. प्रत्येकाचे नाव वेगळे, आणि बहुतेक कार्डांवर एखादी वेगळी ओळ. ‘गेल्या आषाढात आपल्या मुनीमजींना दुकानात तिष्ठत ठेवले, त्याची क्षमा असावी,’ असे एका व्यापाऱ्याने आजोबांना लिहिले होते. आज क्षमायाचनेचा संदेश भ्रमणध्वनीवरून एका क्षणात पाचशे जणांना जातो. त्यात फुले असतात, दिवे असतात, सुंदर अक्षरे असतात. ज्याला खरोखर दुखावले त्याचे नाव मात्र कित्येकदा त्या यादीत नसते, आणि असले तरी कशाबद्दलची क्षमा ते त्यात नसते. म्हणून नव्या साधनाला दोष देण्याचे कारण नाही. परदेशी राहणारी मुलगी त्याच भ्रमणध्वनीवर आईचा चेहरा रोज पाहते आणि घरबसल्या प्रवचन ऐकते. साधन वेगवान झाले, एवढेच. क्षमा मागायला पूर्वीइतकाच वेळ लागतो.

जुना काळ सर्वच बाबतींत बरा होता, असेही कोणी समजू नये. त्या पत्रांत आजींनी स्वतः लिहिलेले पत्र पहिल्या कित्येक वर्षांत एकही नव्हते. ‘सौ.चा नमस्कार’ एवढाच त्यांचा उल्लेख. त्यांना लिहिता येत नव्हते. मुंबईत मगनबाईंनी आणि सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकांच्या शिक्षणाचे कार्य उभारले खरे, तथापि त्याचा प्रकाश प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक घरात एकदम पोहोचला नाही. आजोबा अकाली गेल्यानंतर, वयाच्या पस्तिशीत, आजी मंदिरातील संध्याकाळच्या पाठशाळेत मुलांच्या मागे बसून अक्षर शिकल्या. त्या काळची एक चाळीस पानी वही त्याच पेटीत होती. पहिल्या पानावर णमोकार मंत्र पाच ओळींत लिहिलेला, अक्षरे एकमेकांवर चढलेली. नातवाने वही पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. घराच्या जमाखर्चाला, मुलाच्या शाळेच्या अर्जाला, सर्वत्र आजींची सही त्याने पाहिली होती. ती सही कोठून आली हे त्याने कधी विचारले नव्हते.

आवरण्याच्या या कामाला जैन परंपरेत एक तिथी आहे, हे येथे स्मरले पाहिजे. ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ज्ञान दिले, त्यातून षट्खंडागम सिद्ध झाला आणि या तिथीला त्याची पूजा झाली, असे परंपरा सांगते. त्या दिवशी शास्त्रे बाहेर काढावीत, झटकावीत, ऊन द्यावे, वेष्टने बदलावीत, अशी रूढी आहे. श्वेतांबर समाजात हेच कार्य कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला होते. हा निव्वळ उत्सव नाही. कसर, ओल आणि विस्मरण या तिन्ही शत्रूंवर वर्षातून एकदा केलेली ती चढाई आहे.

पूजा झाली आणि उघडणे राहिले तर काय होते, याचे उदाहरणही याच ग्रंथाचे आहे. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण झाली. पुढे तिची ताडपत्रे केवळ कर्नाटकातील मूडबिद्री येथे उरली. शतकानुशतके भाविक दुरून त्यांचे दर्शन घेत. वाचणारे जवळजवळ कोणी राहिले नाही, आणि काही पत्रे जीर्ण होऊन नष्टही झाली. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी या ग्रंथांच्या प्रती करवून घेण्यासाठी खटपट केली. प्रतिलेखनाला दोन दशकांहून अधिक काळ लागला. अखेर डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला आणि पुढे सोळा भागांत ते कार्य पूर्ण झाले. ज्याने ते ताडपत्र पहिल्यांदा उलगडले, त्याने केवळ धूळ झटकली नाही; जवळजवळ हजार वर्षांचा अबोला मोडला. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक वाचकाला विनवतात की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून या पोथीला जपा, पाठ आणि मान मोडून हे लिहिले आहे. ती विनवणी प्रत्येक माळ्यावरून ऐकू येते.

आता त्या घराकडे पुन्हा वळू. सर्वांत शेवटी नातवाने एक लहान पत्र्याची पेटी खाली दिली. ती पाहताच आजी म्हणाल्या, ‘‘ती ठेव तिकडं. ते आपलं न्हवं.’’ कोणाचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. आजोबांनी एकदा ती पेटी त्यांच्या हाती देऊन ‘हे आपले नव्हे’ एवढेच सांगितले होते, आणि थोड्याच वर्षांत ते गेले. उघडून पाहावे असे आजींना कधी वाटले नाही. २००५ च्या पुरात आणि पुन्हा २०१९ मध्ये, पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा त्यांनी स्वतःच्या पाटल्यांच्या आधी ही पेटी हलवली होती. आत काय आहे हे ठाऊक नसताना!

पेटी उघडली. आत कापडाच्या पुरचुंडीत सोन्याची बोरमाळ, वजन सव्वा तोळा, आणि घडी घातलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आजोबांचे अक्षर. १९७२ सालची तारीख. जत तालुक्यातील एका खेड्याचे नाव, एका शेतकरी बाईचे नाव, तिच्या डाव्या हाताचा अंगठा, आणि मजकूर एवढाच की ही माळ दुष्काळ सरेपर्यंत ठेवीस ठेवली आहे, ती गहाण नाही, तिच्यावर पैसा दिलेला नाही, व्याज नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. विहिरी आटल्या, बाजारात मिलो आली, मुलांना सुकडी मिळू लागली, आणि धडधाकट शेतकरी रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला बसला. अनेक कुटुंबे घराला कडी घालून बाहेर पडली. बाहेर पडताना अंगावरचे सोने बरोबर नेण्याची सोय नव्हती. तेव्हा ज्याच्याशी धान्याचा व्यवहार होता, अशा एका पेढीवर त्या बाईने विश्वास टाकला. पेढीचे नाव काय, तिचे भांडवल किती, हे तिने विचारले नाही.

घरात चर्चा सुरू झाली. मुलगा व्यवहारी आणि सज्जन माणूस. तो म्हणाला, ‘‘पन्नासहून जास्त वर्षं झाली. कोणी मागायला आलं नाही. आपण ठेवून घेऊ नये हे खरं. मंदिराला देऊन टाकू. पुण्यही लागेल.’’ १९७२ मध्ये दहा ग्रॅम सोने सुमारे दोनशे रुपयांना होते आणि २०२५ मध्ये ते लाखाच्या पुढे गेले. तीनशे रुपयांच्या आतबाहेरची माळ दीड लाखाच्या घरात पोहोचली होती. मंदिराच्या सुवर्णमहोत्सवी देणगीफलकावर घराण्याचे नाव त्यामुळे सहज वरच्या ओळीत गेले असते. आजी शांतपणे म्हणाल्या, ‘‘दुसऱ्याच्या वस्तूचं दान आपल्या नावानं कसं करायचं रे?’’

या साध्या प्रश्नाला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात नेमके नाव आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. न्यास म्हणजे ठेव. विशेष हे की हा दोष चोरीच्या प्रकरणात न सांगता सत्याच्या प्रकरणात सांगितला आहे. ठेव ठेवणारा आपण किती ठेवले ते विसरला आणि त्याने कमी मागितले, तर ‘हो, तेवढेच होते’ म्हणून मोकळे होणे हा न्यासापहार, असे टीकाकार समजावतात. येथे हात काही चोरत नाही. जीभ गप्प बसते. समोरच्याच्या विस्मरणाचा लाभ घेणे हे असत्य आहे. आणि ठेव ठेवणारा हयातच नसेल, तर ते विस्मरण पूर्ण होते आणि मोहही पूर्ण होतो.

शोध सुरू झाला. नातवाने चिठ्ठीवरील खेड्यात जाऊन विचारपूस केली. त्या आडनावाची घरे चार निघाली. तिघांना काही ठाऊक नव्हते. चौथ्या घराला कुलूप होते. ते कुटुंब दुष्काळात ऊसपट्ट्यात गेले आणि तिकडेच राहिले, असे शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितले. तीन फेऱ्यांनंतर पंचगंगेच्या काठच्या एका गावात त्या बाईची सून सापडली. तीही आता सत्तरीची. सासू वारून खूप वर्षे झाली होती. माळेचे तिला ठाऊक होते काय? होते. ‘‘सासूबाई सांगायच्या, माझी बोरमाळ पेठेत ठेवीला हाय. पर कुणाकडं, ते कुणाला नीट ठाऊक न्हवतं. आमी म्हनायचो, म्हातारपणी असंच बोलत्यात.’’

आजींनी स्वतः जाऊन, दोन साक्षीदारांसमोर, माळ तिच्या ओंजळीत ठेवली आणि उशीर झाल्याबद्दल हात जोडून क्षमा मागितली. पर्व नव्हते, चतुर्दशी नव्हती, तरी ती खरी क्षमावाणी होती. त्या बाईने माळ कपाळाला लावली. मग ती संकोचून म्हणाली, ‘‘ती चिठ्ठीबी देता का? त्येच्यावर सासूबाईंचा अंगठा हाय. आमच्यात त्यांचा एकबी फोटो न्हाई.’’

चिठ्ठीवर आजोबांचे अक्षर होते. आजींजवळही त्या अक्षराचे मोठे मोल होते. त्यांनी नातवाकडे पाहिले. नातवाने चिठ्ठीची छायाप्रत काढून घरासाठी ठेवली आणि मूळ चिठ्ठी त्या बाईच्या हाती दिली. एका घराने ज्या कागदाला केवळ ठेवीचा पुरावा मानले असते, तो दुसऱ्या घराला सासूचा चेहरा झाला. आकिंचन्य म्हणजे काय, हे त्या दिवशी त्या मुलाला प्रवचनावाचून समजले असावे.

बंधुभगिनींनो, हा दृष्टान्त घरापुरता राहत नाही. आपल्याकडे संस्थेलाही ‘न्यास’ म्हणतात, आणि तिचा कारभार पाहणाऱ्याला विश्वस्त. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी होते, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, ही झाली कायद्याची बाजू. शब्दाची बाजू त्याहून जुनी आहे. न्यास म्हणजे ठेव. पन्नास वर्षांपूर्वी कोणी एका विधवेने चार आणे दिले, कोणी वीट दिली, कोणी भिंतीवर नाव न घालण्याच्या अटीवर जमीन दिली. त्या सर्वांच्या चिठ्ठ्या जुन्या कपाटांतून आहेत. संस्थेजवळ स्वतःचे असे काही नसते. तिच्याजवळ असते ते सर्व ठेवीचे. ही जाणीव जागती असेल तर सुवर्णमहोत्सव साजरा झाला असे म्हणावे.

आणि म्हणून काही साध्या गोष्टी करण्यासारख्या आहेत. जुना फोटो सापडला तर घरातील वडीलधारे आहेत तोवर त्यांना विचारून त्याच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहावे. हस्तलिखित पोथी सापडली तर ती नदीत सोडू नये; जाणकाराला दाखवावी, तिची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि ती योग्य ग्रंथभांडारात द्यावी. चांगले कपडे, भांडी, पुस्तके पडून राहण्यापेक्षा गरजूंच्या उपयोगी पडावीत, कारण पडून राहिलेली वस्तू कोणाची तरी गरज अडवून बसलेली असते. ज्या वस्तूचा धनी दुसरा आहे तिचा धनी शोधावा. आणि जे आपले म्हणून ठेवायचे, ते थोडे ठेवावे, पण त्याची गोष्ट पुढच्या पिढीला सांगून ठेवावे.

आजच्या पिढीचे नातू पन्नास वर्षांनी कोणता माळा आवरतील? हजारो छायाचित्रे भ्रमणध्वनीत आहेत, आणि त्या छायाचित्रांना मागची बाजूच नाही, जिच्यावर कोणाचे नाव लिहावे. पत्रांच्या जागी संदेश आहेत. यंत्र बदलले की तेही नाहीसे होतात. वस्तूंची संख्या वाढली, पण ‘हे आपले नव्हे’ एवढे सांगून हाती दिली जाईल, आणि पुरात स्वतःच्या पाटल्यांच्या आधी उचलली जाईल, अशी पेटी किती घरांत असेल?

त्या घराच्या जागी आता इमारतीचा पाया घेतला गेला आहे. मापांचा संच नातवाच्या टेबलावर आहे. तो त्यात पेन ठेवतो. कडीची कळशी पाठशाळेत मुलांना दाखवण्यासाठी दिली गेली. आजींची चाळीस पानी वही सुनेने आपल्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवली आहे. पत्र्याची पेटी रिकामी झाली. ती टाकून द्यावी काय, असे मुलाने विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, ‘‘राहू दे. पुन्हा कोणी विश्वासानं काही ठेवायला आलं तर लागंल.’’

प्रत्येक घरात आणि प्रत्येक संस्थेत अशी एक पेटी रिकामी आणि स्वच्छ राहावी, हीच या मंगल प्रसंगी जिनचरणी प्रार्थना. जय जिनेंद्र.